कागद कोणाचा होता? माँटगोमेरीची बस, तिथलं कॉलेज आणि एक इतिहासकार

२ डिसेंबर १९५५ ची पहाट. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी झोपेत होती आणि अलाबामा स्टेट कॉलेजमधलं सायक्लोस्टाइलचं यंत्र मध्यरात्रीपासून फिरत होतं. यंत्रापाशी चौघं जण होते. इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन, वाणिज्य विभागाचे प्रमुख जॉन कॅनन आणि रॉबिन्सनबाईंचे दोन विद्यार्थी. मजकूर छोटा होता: बसमध्ये जागा सोडली नाही म्हणून आणखी एका कृष्णवर्णीय बाईला अटक झाली आहे, सोमवारी बसने जाऊ नका. एका कागदावर हाच मजकूर तीनदा बसवला होता, म्हणजे तेवढ्याच कागदात तिप्पट काम. छापून झालं की कागदाचे तीन तुकडे कापायचे आणि गठ्ठे बांधायचे. चार वाजेपर्यंत पन्नास हजारांच्या वर पत्रकं तयार झाली. मग कुठला गठ्ठा कुठल्या शाळेपाशी, कुठल्या दुकानात टाकायचा याची आखणी झाली. आठ वाजता रॉबिन्सनबाईंचा तास होता. तो त्यांनी नेहमीसारखा घेतला आणि मग गठ्ठे गाडीत टाकून निघाल्या.

मी पदवीच्या वर्गाला आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. माँटगोमेरीचा बस-बहिष्कार आमच्याकडे चार शब्दांत उरकला जातो: रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग, ३८१ दिवस, विजय. मुलं त्यात दरवर्षी स्वतःचं एक वाक्य घालतात, "त्या दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत." पत्रकातली ती अटक झालेली बाई म्हणजे पार्क्सबाई. त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या, त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत चळवळीच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या, आणि त्या बसच्या त्याच ड्रायव्हरशी त्यांचा १९४३ मध्ये एकदा खटका उडालेला होता. पाय दुखत होते म्हणून इतिहास घडला, हे सांगायला गोड आहे, पण ते त्या बाईवर अन्याय करणारं आहे.

मला मात्र इथे त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मांडायचा आहे. बसच्या लढाईत सरकार हरलं. त्या पराभवाचा वचपा त्याने साडेतीन वर्षांनी काढला, आणि तो कॉलेजवर काढला. त्यात एका इतिहासकाराची नोकरी गेली. सार्वजनिक वाहतूक, शिकवण्याचं स्वातंत्र्य आणि सत्तेचं राजकारण हे तीन विषय आपण तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. माँटगोमेरीत ते एकाच धाग्यात ओवलेले दिसतात, आणि तो धागा पैशाचा आहे.

दहा जागा

आधी बस कशी चालायची ते नीट पाहिलं पाहिजे, कारण अपमान त्या चालण्यातच भरलेला होता. माँटगोमेरी सिटी लाइन्स ही खासगी कंपनी, शिकागोच्या नॅशनल सिटी लाइन्सच्या मालकीची. शहराने तिला परवाना दिलेला. बसमध्ये ३६ जागा. पुढच्या दहा गोऱ्यांसाठी राखीव, मग बसमध्ये एकही गोरा नसो आणि मागे माणसं दाटीवाटीने उभी असोत. मधल्या जागांवर कृष्णवर्णीय बसू शकत, पण गोरे वाढले की ड्रायव्हर हुकूम देणार आणि यांनी उठायचं. तेही एकट्याने नाही, अख्खी रांग. १ डिसेंबरच्या संध्याकाळी एका गोऱ्या माणसाला बसायचं होतं, म्हणून चौघांना उठायला सांगितलं होतं. तिघं उठले.

चढण्याची रीत तर आणखी वेगळी. पुढच्या दाराने चढायचं, दहा सेंट टाकायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. पैसे टाकून खाली उतरलेल्या माणसाला तिथेच सोडून बस निघून गेल्याचे प्रसंग त्या शहरात नवे नव्हते. आणि शहराच्या कायद्याने जागा लावण्याच्या बाबतीत ड्रायव्हरला पोलिसाचे अधिकार दिलेले होते.

रॉबिन्सनबाईंनी हे १९४९ मध्ये अनुभवलं होतं. नाताळच्या सुट्टीला घरी निघाल्या होत्या, बस जवळजवळ रिकामी, त्या विचारात हरवून पाचव्या रांगेत बसल्या. ड्रायव्हर अंगावर धावून आला. त्या रडत उतरल्या. कॉलेजमधल्याच इंग्रजीच्या विभागप्रमुख मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ मध्ये महिला राजकीय परिषद स्थापन केली होती. रॉबिन्सन तिच्या अध्यक्ष झाल्या. २१ मे १९५४ ला, म्हणजे पार्क्सबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, त्यांनी महापौर गेल यांना पत्र लिहिलं. भाषा अदबीची होती, पण त्यात हिशेब होता: तुमच्या बसचे तीन चतुर्थांश प्रवासी आम्ही आहोत, आम्ही चढलो नाही तर बस चालणार नाही, आणि पंचवीसच्या वर संघटनांत तशी बोलणी सुरू आहेत. हे पत्र मला सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं. एका प्राध्यापिकेने बसचा ताळेबंद वाचला होता.

३८१ दिवस

सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी बहिष्कार चालवण्यासाठी माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन स्थापन झाली आणि २६ वर्षांचे किंग तिचे अध्यक्ष झाले. मागण्या सुरुवातीला किती साध्या होत्या हे आज वाचून जीव कळवळतो. ड्रायव्हरने सभ्यपणे बोलावं, आधी येईल त्याला जागा मिळावी आणि कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर नेमावेत. गोरे पुढून आणि कृष्णवर्णीय मागून बसतील, हेसुद्धा मान्य होतं. बसलेल्याला उठवू नका, एवढंच.

पुढचं वर्षभर जे चाललं ती वाहतुकीच्या इतिहासातली विलक्षण गोष्ट आहे. टॅक्सीवाल्यांनी बसच्याच दरात, दहा सेंटात, माणसं न्यायला सुरुवात केली. शहराने लगेच ४५ सेंटांच्या किमान भाड्याचा नियम पुढे केला. मग खासगी गाड्यांचा ताफा उभा राहिला. सुमारे ३०० गाड्या, चाळीसच्या वर थांबे, आणि गल्ल्या तोंडपाठ असलेल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या मदतीने आखलेले मार्ग. लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात १९५३ मध्ये असाच प्रयोग झाला होता, तिथली माहिती कामी आली. चर्चच्या नावावर घेतलेल्या गाड्यांचा विमा कंपन्यांनी रद्द केला, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. पेट्रोलच्या पैशांसाठी जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी बायका जमवून जेवण आणि केक विकले. देणाऱ्यांची नावं बाहेर फुटू नयेत म्हणून त्या मंडळाचं नावच त्यांनी "कुठूनच न आलेला क्लब" अशा अर्थाचं ठेवलं होतं. पैसे कुठून आले असं विचारलं की उत्तर तयार: कुठूनच नाही. पाहता पाहता एका शहराच्या आत, शहराने न चालवलेली, दुसरी सार्वजनिक वाहतूक उभी राहिली.

कंपनीचं कंबरडं मोडलं. जानेवारी १९५६ मध्ये भाडं दहावरून पंधरा सेंट झालं. एप्रिलमध्ये कंपनीने जाहीरच केलं की आम्ही आता जागांचा भेदभाव पाळणार नाही. शहराने कोर्टात जाऊन तिला रोखलं. इथे जरा थांबायला हवं. धंद्याला भेदभाव परवडत नव्हता, तो सरकारला हवा होता. बाजारच सगळं सुरळीत करतो असं म्हणणाऱ्यांनी आणि सगळं खापर कंपनीच्या माथी फोडणाऱ्यांनी, दोघांनीही हा महिना नीट वाचावा.

निकाल शेवटी कोर्टातून आला. खटला पार्क्सबाईंच्या नावाचा नव्हता. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन अशा चौघी फिर्यादी. कोल्विन तर मार्च १९५५ मध्ये, पंधराव्या वर्षी, जागा न सोडल्याबद्दल अटक झालेली शाळकरी मुलगी. वकील फ्रेड ग्रे हे अलाबामा स्टेटचेच माजी विद्यार्थी. बसमधला भेदभाव घटनाबाह्य आहे, असा निकाल तीन न्यायाधीशांच्या पीठाने जून १९५६ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी दिला, सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला तो कायम केला, आणि २१ डिसेंबरला माणसं पुढच्या दाराने चढून हवी तिथे बसली.

कालची कागदपत्रं गोळा करणारा माणूस

याच काळात अलाबामा स्टेटच्या इतिहास विभागाचे प्रमुख होते लॉरेन्स रेडिक. जन्म १९१० चा, डॉक्टरेट शिकागो विद्यापीठाची. तरुणपणी त्यांनी गुलामगिरीतून सुटलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेण्याच्या कामात भाग घेतला होता, आणि पुढे न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग संग्रहाचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची साधनं जपणाऱ्या ग्रंथसंग्रहाचे, ते नऊ वर्षं प्रमुख होते. साधनं जपली नाहीत तर दुबळ्यांचा इतिहास उरत नाही, हे ज्याच्या हाडात मुरलं आहे असा हा माणूस. आपल्याकडे राजवाडे गावोगाव फिरून शेदोनशे वर्षांची दप्तरं धुंडाळत. रेडिक कालच्या सभेची टिपणं आणि परवाची पत्रकं गोळा करत होते. असोसिएशनने इतिहासाची एक समितीच नेमली आणि तिची सूत्रं त्यांच्याकडे दिली. बहिष्कार चालू असतानाच, १९५६ मध्ये, "डिसेंट" या नियतकालिकात त्यांचा लेख आला. १९५९ मध्ये त्यांनी लिहिलेलं किंग यांचं पहिलं चरित्र निघालं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत किंग पतिपत्नी भारतात आली, तेव्हा सोबत रेडिक होते. तुमची खरी परीक्षा गांधींना ओळखणारी माणसं तुम्हाला पारखतील तेव्हा होईल, असं त्यांनी किंगना बजावलं होतं. मुंबईत तिघं गावदेवीच्या मणिभवनात राहिले. मी मणिभवनात गेले की दरवेळी मला किंगांच्या आधी रेडिक आठवतात. मित्राबरोबर हिंडताना त्याची नोंदही ठेवायची आणि त्याच्यावर नजरही ठेवायची, हे फार अवघड काम आहे.

आता कॉलेजकडे. अलाबामा स्टेट हे कृष्णवर्णीयांसाठीचं सरकारी कॉलेज. पैसा गोऱ्यांच्या विधिमंडळाकडून येणार. राज्य शिक्षण मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध गव्हर्नर. कॉलेजचे अध्यक्ष हार्पर काउन्सिल ट्रेनहोम १९२५ पासून ही कसरत करत होते. पत्रकांच्या त्या सकाळी त्यांनी रॉबिन्सनबाईंना बोलावून घेतलं. आधी संतापले. मग काय घडलं ते ऐकून घेतलं आणि सांगितलं: काम करा, पण पडद्याआड राहा, कॉलेजचं नाव येऊ देऊ नका. बाईंनी शब्द दिला की कागदाचे पैसे महिला परिषद भरून देईल.

ट्रेनहोम यांना भ्याड म्हणणं सोपं आहे. मला ते जमत नाही. तीस वर्षं या माणसाने मान खाली घालून अनुदान मिळवलं, आणि त्या अनुदानावर बर्क्स, रॉबिन्सन, रेडिक अशी माणसं पोसली. बहिष्काराच्या वर्षात रॉबिन्सनबाईंच्या घराची काच फुटली, गाडीवर अ‍ॅसिड फेकलं गेलं, तरी त्यांचा तास बंद झाला नाही. न बोलता दिलेलं हे संरक्षण होतं. पण अशा संरक्षणाला लेखी आधार नसतो. वरचा माणूस एकदा डोळे वटारून बसला की ते एका दिवसात संपतं.

जून १९६०

वरचा माणूस होता जॉन पॅटरसन. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, असताना त्यांनी १९५६ मध्ये, बहिष्काराच्या ऐन भरात, पार्क्सबाईंच्या त्या संघटनेला राज्यात काम करायला कोर्टातून बंदी आणली होती. १९५८ च्या निवडणुकीत जिंकून ते गव्हर्नर झाले. २५ फेब्रुवारी १९६० ला अलाबामा स्टेटचे विद्यार्थी माँटगोमेरीच्या न्यायालयाच्या इमारतीतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. पॅटरसन यांनी ट्रेनहोमना विद्यार्थी काढायला सांगितलं. मार्चच्या सुरुवातीला शिक्षण मंडळाने नऊ जणांना काढून टाकलं, वीस जणांना ताकीद देऊन ठेवलं. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही.

मग पाळी शिक्षकांची. विद्यार्थ्यांना फूस कोणाची, याचा शोध सुरू झाला आणि जूनमध्ये शिक्षण मंडळाने रेडिक यांना बडतर्फ करण्याचा आदेश काढला. आरोप होता ते कम्युनिस्ट असल्याचा. त्यांची बाजू ऐकण्याची कोणाला गरज वाटली नाही. आदेश अमलात आणायचा होता ट्रेनहोमना, आणि त्यांनी तो आणला. किंग यांनी गव्हर्नरना निषेधाची तार पाठवली. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने चौकशी करून कॉलेजवर ठपका ठेवला. रॉबिन्सन आणि बर्क्स यांनीही त्याच वर्षी कॉलेज सोडलं. रेडिक बॉल्टिमोरला गेले, पुढे इतरत्र शिकवत राहिले. ट्रेनहोम १९६३ मध्ये वारले. बहिष्कार घडवणारा शिक्षकवर्ग एका वर्षात पांगला.

काढलेल्या विद्यार्थ्यांपैकी सेंट जॉन डिक्सन आणि इतर कोर्टात गेले. जिल्हा न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. अपिलात, ऑगस्ट १९६१ मध्ये, न्यायाधीश रिचर्ड राइव्ह्ज यांनी तो फिरवला: सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला नोटीस आणि सुनावणी दिल्याशिवाय काढता येणार नाही. हे दोघेही बसच्या खटल्यातले, तिथे भेदभावाविरुद्ध एकत्र उभे राहिलेले न्यायाधीश. बसची जागा कोणाची यावर ज्यांचं एकमत झालं, ते वर्गातल्या जागेवर वेगळे पडले. डिक्सन खटला आजही अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या हक्कांचा पाया मानला जातो. २०१८ मध्ये अलाबामाच्या शिक्षण खात्याने त्या नऊ जणांच्या नोंदीवरची हकालपट्टी पुसली. तोवर ५८ वर्षं उलटली होती.

बसचं काय झालं

बस जिंकली, पण तिला पैसा मिळाला नाही. बहिष्काराच्या तीन वर्षं आधी, १९५२ मध्ये, अलाबामाने घटनेत दुरुस्ती करून ठेवली होती: इंधनावरच्या कराचा पैसा रस्ते आणि पूल यांवरच खर्च होईल. बससाठी त्यातला एक पैसा नाही. मग महामार्ग आले. राज्याच्या महामार्ग खात्याचे प्रमुख झाले सॅम एंगलहार्ट, भेदभावाच्या समर्थकांच्या नागरिक परिषदेचे पुढारी. आंतरराज्य महामार्ग ८५ माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून काढला गेला. ज्यांच्याकडे गाडी होती ते उपनगरात गेले आणि बसमध्ये उरले ते गरीब. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तर शहराने ठरलेल्या मार्गांवरची बससेवाच काही काळ बंद केली आणि फोन करून गाडी मागवायची सोय ठेवली. ज्या शहरातल्या बसमुळे अर्ध्या जगाने अहिंसेचा धडा गिरवला, तिथे थांब्यावर उभं राहून बस येईनाशी झाली.

पार्क्सबाईंची ती बस, क्रमांक २८५७, मिशिगन राज्यातल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने २००१ मध्ये लिलावात ४ लाख ९२ हजार डॉलरना घेतली आणि डागडुजी करून मांडली. ती जपली याचा मला आनंद आहे. पण जुन्या बसला एवढा पैसा मिळतो आणि चालत्या बसला मिळत नाही, हे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला झोंबलं पाहिजे.

आणि आज

२० मार्च २०२४ ला अलाबामाच्या गव्हर्नर के आयव्ही यांनी एका कायद्यावर सही केली. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. सरकारी शाळा-कॉलेजांत विविधता आणि समावेशनाचे विभाग चालवायला त्याने मनाई केली. वंश आणि लिंग यांबद्दलच्या काही कल्पनांना "फूट पाडणाऱ्या" ठरवून त्यांची यादी दिली. वर्गात त्यांची चर्चा करता येते, पण तटस्थपणे, पाठिंबा न देता. मोडणाऱ्या शिक्षकावर कारवाई होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये अलाबामातल्या काही प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या कायद्याला आव्हान दिलं. ऑगस्टमध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी त्याला अंतरिम स्थगिती नाकारली. अलाबामा स्टेट, आता विद्यापीठ, सरकारीच असल्याने या कायद्याच्या कक्षेत आहे.

१९६० आणि २०२४ एकच नाहीत. आज नोटीस मिळते, कोर्टात जाता येतं, आणि त्याचा पाया त्याच नऊ विद्यार्थ्यांनी घातला. पण प्रश्न तोच उरतो: पगार देणाऱ्या सरकारला वर्गातलं वाक्य ठरवण्याचा हक्क आहे का? माँटगोमेरीतली एखादी प्राध्यापिका उद्या १९५५ चं ते पत्रक वर्गात वाचेल. वर्णन कुठे संपलं आणि पाठिंबा कुठे सुरू झाला, हे तिने कोणत्या शब्दापाशी ओळखायचं? आवाज कुठे सपाट करायचा? रॉबिन्सन आणि रेडिक यांनी तो कुठेच सपाट केला नव्हता. त्यांच्या नोंदी आज आपल्यापाशी आहेत त्या त्यामुळेच.

हा तास मी घेते तेव्हा मुलांना एकेक कोरा कागद आणि कात्री देते. एका कागदावर तीनदा तोच मजकूर लिहा आणि कापा. दहा-बारा कागद झाले की हात दुखायला लागतात, वर्गात कुजबुज सुरू होते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने कात्री थांबवून विचारलं, "मॅडम, त्यांना इतका कागद कोणी दिला?"

"कॉलेजचा होता," मी म्हटलं.

"म्हणजे सरकारचा?"

"हो. सरकारचा."

तिने कागद पुन्हा उचलला आणि सरळ रेषेत कापायला लागली.